कुंडीतल्या फर्नला खत: काय घालायचं, किती, आणि कधी नाही

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे बघा. ड्रेनेजचा पाइप जिथे जरासा पाझरतो, तिथे प्लास्टरच्या भेगेत फर्न हमखास उगवलेलं असतं. त्याला कुणी खत घातलेलं नसतं. उलट सोसायटीचा प्लंबर अधूनमधून येऊन ते उपटून टाकतो आणि पुढच्या पावसात ते पुन्हा हजर. आणि आपण नर्सरीतून चांगले पैसे मोजून आणलेलं बॉस्टन फर्न मात्र महिन्याभरात टोकांना करपायला लागतं. लगेच आमच्या मजल्यावरची कुणीतरी दार वाजवते, "काका, पानं वाळतायत, कुठलं खत घालू?"

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आत्ता काहीच घालू नकोस.

फर्नला खत लागतं, नाही असं नाही. कुंडीतली माती भिंतीच्या भेगेसारखी नसते. आपण पाणी घालत राहतो आणि त्याबरोबर मातीतलं अन्न धुपून जात राहतं. पण फर्नला लागतं ते फार थोडं. पाकिटावर छापलेलं प्रमाण टोमॅटोला, जास्वंदीला, फार तर मनीप्लँटला ठीक; फर्नच्या बारीक, केसासारख्या मुळांना ते झेपत नाही. माझा जन्म केमिस्टच्या काउंटरमागे गेला, त्यामुळे मात्रेच्या बाबतीत मी जरा चिकट आहे. मुलुंडला आमची उत्तरेकडची गॅलरी आहे, तिथे बॉस्टन, बर्ड्स नेस्ट आणि हंसराज अशी तीन तऱ्हांची फर्न आहेत. पुढचं सगळं त्यांच्या अनुभवावरून.

आधी भूक आहे का ते बघा

कुंडीच्या मधोमध पानं बोटांनी हळूच बाजूला करा. तळाशी लव असलेली, आत गुंडाळलेली कोवळी वेटोळी दिसतात का? दिसत असतील तर झाड वाढतंय, त्याला खत देता येईल. एकही वेटोळं नसेल तर झाड थांबलंय. थांबलेल्या झाडाला खत दिलं तर ते मुळं उचलत नाहीत, मातीतच साचतं आणि क्षार होऊन मुळांना जाळतं.

नुसती टोकं आणि कडा करपत असतील तर ती भूक नव्हे. एसीची कोरडी हवा, मधे एकदा माती पार सुकून जाणं, किंवा आधीच जास्त झालेलं खत, या तिघांपैकी काहीतरी असतं. खरी भूक वेगळी दिसते. जुनी पानं सगळीकडून सारखी फिकट, पोपटी-पिवळी होत जातात आणि नवीन पानं आधीच्यापेक्षा आखूड येतात. ही नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, कमतरता. याउलट नवीन पानंच फिकट आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये. त्याचं कारण बऱ्याचदा सतत ओली राहिलेली माती असते. तिथे साधं एनपीके, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं खत, घालून काही होत नाही, पाणी कमी करावं लागतं.

पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसले की लोक घाबरतात. त्यासाठी फवारणी करतात, खत बदलतात. पान उलटं करून उजेडात धरा. बॉस्टन फर्नच्या प्रत्येक पर्णिकेवर कडेच्या जवळून दोन ओळींत, शिवणीचे टाके घातल्यासारखे सारख्या अंतरावर ठिपके असतील तर ते बीजाणू आहेत. झाड ठणठणीत असल्याची खूण. खवले कीड असेल तर ठिपके कुठेही, वेडेवाकडे, बहुतेक मधल्या दांड्यावर बसलेले असतात, नखाने निघतात आणि आसपास चिकट लागतं.

आणि उजेड. मुंबईत खालच्या मजल्यावर समोरची बिल्डिंग हाताच्या अंतरावर असते. अशा खिडकीत फर्न जगतं, पण वाढत नाही. ती कसर खताने भरून निघत नाही. दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो अशा जागी कुंडी हलवा, महिनाभर थांबा, वेटोळी येऊ द्या, मग खताचं बघू.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण पाण्यातूनही क्षार येतात

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतलं, त्यात क्षार कमी, फर्नसाठी उत्तम. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. काही सोसायट्यांत फ्लशच्या नळाला बोअरवेलचं पाणी असतं. गॅलरीला तोच नळ जवळ पडतो म्हणून झाडांना तेच जातं. फर्नला ते देऊ नका. दुसरं म्हणजे आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून बादलीत धरून झाडांना घालायची पद्धत हल्ली घरोघर आहे. हेतू चांगला आहे, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. मूळ पाणी पालिकेचं असेल तर एखाद्या वेळी चालून जाईल; टँकरचं किंवा बोअरचं असेल तर त्याने लादी पुसा. असं पाणी आणि वर खत, हे दोन्ही एकत्र आलं की करपणं ठरलेलं.

कुठलं खत घ्यायचं

पाकिटावरचे तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश. फर्नला फूल नाही, फळ नाही, त्यामुळे "भरघोस फुलांसाठी" म्हणून विकलं जाणारं, मधला किंवा शेवटचा आकडा मोठा असलेलं खत त्याच्या कामाचं नाही. तीनही आकडे सारखे असलेलं, किंवा नत्र थोडं जास्त असलेलं, पाण्यात पूर्ण विरघळणारं खत घ्या. सहज मिळतं ते १९:१९:१९. आपल्या चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचं ते 'सुजला' नावाने येतं, इतर कंपन्यांचंही असतं. फरक फारसा नाही.

सुजला आणि सुफला यांत मात्र गल्लत करू नका. सुफला १५:१५:१५ हे दाणेदार, शेतात मातीत पेरायचं खत आहे. ओळखीतल्या कुणाची गावाला शेती असते, तिथून कुणी पिशवीभर आणून देतं आणि ते गॅलरीतल्या कुंड्यांत वाटलं जातं. एक चिमूट म्हणता म्हणता दहा-बारा दाणे पडतात आणि प्रत्येक दाण्याखालचं मूळ करपतं. युरिया तर नकोच. त्यात ४६ टक्के नत्र असतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतातही ४६ हा आकडा आहे, पण स्फुरदाचा, आणि फर्नला तेवढ्या स्फुरदाचं करायचं काय?

नर्सरीत साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, लेबल नसलेलं, नुसतं "एनपीके आहे, घाला" असं सांगून देतात ते घेऊ नका. पावडर पांढरी असेल, निळी असेल, गुलाबी असेल. रंगावरून आत काय आहे ते कळत नाही. आकडे छापलेले असतील, "पाण्यात १०० टक्के विरघळणारे" असं लिहिलेलं असेल तरच पैसे द्या. लहान पाकीट घ्या. किलोभर आणलंत तर ते तुमच्या नातवंडांना पुरेल. आणि आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ओता, कारण ही पावडर हवेतलं पाणी ओढते. जुलैत मुंबईच्या हवेत उघडं पाकीट दोन दिवसांत ओल्या मिठासारखं होतं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या फेकू नका, दोन त्या बरणीत टाका.

मात्रा: इथे घाई नको

बॉस्टन फर्नसाठी मी एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ धरतो. सहा इंची कुंडीला या पाण्यातलं साधारण ३०० मिली पुरतं. म्हणजे झाडाला एका वेळी मिळालं १५० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची असते, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हा आकडा मी सगळ्यांना मुद्दाम सांगतो, कारण "अर्धा चमचा" म्हटलं की लोक अडीच ग्रॅम घालून मोकळे होतात.

अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून आधी घट्ट द्रावण करायचं. अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम पावडर, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट भरून. वरचा ढीग सुरीच्या पाठीने सारून टाका. ढवळलं की मिनिटभरात स्वच्छ विरघळतं. तळाला वाळूसारखं काही राहिलं तर समजा की पाकिटावर लिहिलं होतं ते खरं नव्हतं. या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम खत आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं प्लास्टिकचं माप घ्या, ज्याच्यावर ५ आणि १० च्या रेघा असतात. त्यातून १० मिलीची पाच मापं, म्हणजे ५० मिली, एक लिटर साध्या पाण्यात घाला. झालं अर्धा ग्रॅमचं पाणी. हंसराजला याच्याही निम्मं, लिटरला २५ मिली.

घट्ट द्रावणाच्या बाटलीवर "झाडाचं खत, पिऊ नये" असं मार्करने मोठ्या अक्षरात लिहा आणि तारीख घाला. कोल्ड्रिंकच्या किंवा बिसलेरीच्या बाटलीत हे कधीही भरू नका. रंगीत पाणी, ओळखीची बाटली आणि घरात लहान मूल, हे समीकरण मी काउंटरवरून फार जवळून बघितलेलं आहे. बाटली अंधाऱ्या कपाटात वर ठेवा. महिनाभरात संपली नाही, गढूळ झाली किंवा बुळबुळीत लागली तर भरपूर पाणी घालून जास्वंदीला ओता, ती तक्रार करत नाही.

घालायची रीत

कोरड्या मातीत खताचं पाणी कधीही नाही. आदल्या संध्याकाळी साधं पाणी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी खताचं. कुंडीच्या कडेकडेने, गोल फिरवत घाला, मधल्या गड्ड्यात नको. खालून थोडं पाणी निथळू द्या आणि बशीत साचलेलं लगेच ओतून टाका. ते तसंच राहिलं तर माती तेच क्षार पुन्हा वर ओढते. पानांवर पडलं तर साध्या पाण्याचा फवारा मारा.

नर्सरीतून नवीन आणलेल्या झाडाला पहिला महिना-दीड महिना काही घालू नका. विकायच्या आधी त्याला बहुतेक पोटभर खाऊ घातलेलं असतं. कुंडी बदलल्यावरही तेवढंच थांबा. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेलं झाड मात्र याला थोडा अपवाद आहे. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं, त्यामुळे नवीन वेटोळी उघडायला लागली की हलक्या मात्रेने सुरुवात करायला हरकत नाही.

सेंद्रियच हवं असेल तर

गांडूळखत, दुसरं काही नाही. आठ इंची कुंडीला दोन-तीन महिन्यांतून एकदा मूठभर, वरची माती काट्याने हलकी उकरून कडेला पसरायचं. १९:१९:१९ देणाऱ्यांनीसुद्धा वर्षातून दोनदा हे करावं, कारण त्या पावडरीत कॅल्शियम नसतं आणि धरणाच्या मऊ पाण्यातूनही ते फारसं मिळत नाही. गांडूळखत चाळलेलं, काळं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं असावं. अमोनियाचा उग्र वास आला तर ते कच्चं आहे, परत करा. पावसाळ्यात ते थर लावून घालू नका, बारीक काळी चिलटं होतात आणि ती स्वयंपाकघरापर्यंत येतात.

शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड भिजवून, आंबवून तिचं पाणी घालायची शिफारस सगळीकडे दिसते. खत म्हणून ते वाईट नाही. पण पेंड तिसऱ्या दिवशी जो वास सोडते तो ज्याने घेतला आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. वर गॅलरीतून गळणारं ते पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडलं की झाडांचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतो. शिवाय त्यात नत्र किती उतरलंय हे मोजायला काही साधन नाही. फर्नसाठी नको.

चहाचा चोथा? आपल्या चहात दूध आणि साखर असते. तो तसाच कुंडीत टाकला की मुंग्या आणि पांढरी बुरशी. कंपोस्टच्या डब्यात टाका, कुजू द्या, मग बघू. एप्सम सॉल्ट हल्ली प्रत्येक दुखण्यावर सुचवतात. त्यात मॅग्नेशियम आणि गंधक आहे, नत्र शून्य. भुकेल्या झाडाचं त्याने पोट भरत नाही. समुद्री शेवाळाचा अर्क टॉनिक म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही.

आवरण असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या ज्यांना रोजची कटकट नको त्यांना सोयीच्या. फक्त एवढं लक्षात ठेवा की पाकिटावरचे "चार महिने" हे साधारण २१ अंश तापमान धरून लिहिलेले असतात. उष्णता वाढली की गोळ्या लवकर सुटतात. मुंबईत त्या चार महिने टिकत नाहीत, आणि तेच खत कमी दिवसांत मुळांवर येतं. म्हणून सांगितल्याच्या निम्म्याने घाला, आणि त्या असताना वरून पातळ खत देऊ नका.

मुंबईचं वेळापत्रक

परदेशी लेखांत "वसंतात सुरू करा, हिवाळ्यात बंद" असं असतं. आपल्याकडे गणित पावसावर चालतं. फेब्रुवारी संपताना नवीन वेटोळी दिसू लागली की तीन आठवड्यांतून एकदा सुरू करा. एप्रिल-मेमध्ये झाड कडक उन्हाने मलूल असेल त्या आठवड्यात गाळा. जून लागला, हवेत दमटपणा आला की फर्न खऱ्या अर्थाने खुलतं. गॅलरीत आतल्या बाजूला असलेल्या, माती मधे मधे वरून सुकणाऱ्या कुंड्यांना तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी निम्म्या मात्रेचं पाणी द्या. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, माती ओलीच राहते, तेव्हा काही नको. ग्रिलवर पावसात भिजणाऱ्या कुंड्यांतलं खत सरळ धुऊन जाणार, त्यांना त्या दिवसांत देणं म्हणजे गटाराला देणं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा तीन आठवड्यांवर या. डिसेंबर-जानेवारीत बंद, वेटोळी येतच राहिली तर महिन्यातून एकदा.

सगळी फर्न सारखी नाहीत

बर्ड्स नेस्टच्या मधल्या वाटीत खत टाकू नका, तिथे पाणी साचून गाभा कुजतो, कडेच्या मातीतच. हंसराज सगळ्यांत नाजूक, त्याची मात्रा वर दिलीच आहे. लाकडाच्या फळीवर बांधलेल्या स्टॅगहॉर्नला माती नसते, तेव्हा लिटरला २५ मिलीच्याच पाण्याचा फवारा महिन्यातून एकदा, सकाळी. आणि ॲस्परॅगस फर्न म्हणून जे विकतात ते फर्नच नव्हे, ते शतावरीचं भावंड आहे. त्याच्या मुळांना गाठी असतात, त्याला पूर्ण मात्रा चालते. त्याच्यावर यशस्वी झालेला डोस बघून बॉस्टनला देऊ नका.

जास्त झालंच तर

मातीवर पांढरट पापुद्रा, कुंडीच्या कडेला पांढरी रेघ, आणि पाणी असूनही पानं मलूल, ही जास्त खताची लक्षणं. वरचा अर्धा इंच थर काढून टाका. कुंडी बाथरूममध्ये न्या आणि तांब्याने हळूहळू साधं पाणी ओतत राहा, कुंडीत मावेल त्याच्या चौपट. दहा मिनिटं निथळू द्या आणि पुन्हा एकदा तेवढंच. काळी, मऊ पडलेली पानं मुळाशी कापा. नुसती टोकं करपलेली राहू द्या, ती अजून काम करतायत. पुढचे दोन महिने खत बंद. दिवस पावसाचे असतील तर याहून सोपं: कुंडी एक दुपार ग्रिलवर उघड्या पावसात ठेवा, खाली भोकं मोकळी आहेत ना तेवढं बघा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावाला निघताना "आता आठवडाभर कुणी नाही" म्हणून जाता जाता खत घालून जाण्याची सवय अनेकांना आहे. नेमकं तेव्हाच माती सुकणार असते, आणि सुकत्या मातीत तेच खत घट्ट होत जातं. निघताना भरपूर साधं पाणी द्या, कुंडी सावलीत सरकवा, शेजारच्या वहिनींकडे चावी द्या. परत आल्यावर आधी दोन वेळा साधं पाणी, वेटोळी दिसली तरच बाटली काढा. आणि वहिनींना खताची बाटली कुठे ठेवली आहे ते सांगू नका.